सेशन किती वेळ उघडं ठेवायचं?

टॉमकॅट सर्व्हर मिळतो तसाच चालवला, तर तो एका वेळी 200 थ्रेडवर रिक्वेस्ट हाताळतो. स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या हिकारी या कनेक्शन पूलला हात लावला नाही, तर त्यात जास्तीत जास्त 10 कनेक्शन असतात. पलीकडे पोस्टग्रेस त्याच्या मूळ मांडणीत एकूण 100 कनेक्शन घेतो, मायएसक्यूएल 151. हे चार आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. दोनशे थ्रेडना दहा कनेक्शन आळीपाळीने वापरायची आहेत, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की जावा वेब अॅप्लिकेशनमधला वीस वर्षांचा एक वाद केवळ शैलीचा वाद नव्हता हे लक्षात येतं. वाद असा: सेशन कधी उघडायचं, कोणी उघडायचं आणि मुख्य म्हणजे कधी बंद करायचं?

सेशन नावाच्या तीन गोष्टी इथे एकमेकींच्या शेजारी नांदतात, त्या आधी वेगळ्या काढू. पहिलं एचटीटीपी सेशन. ते ब्राउझरच्या कुकीवरून ओळखलं जातं आणि वापरणाऱ्याची 30 मिनिटं काही हालचाल नसेल तर टॉमकॅट ते मोडून टाकतो. दुसरं डेटाबेसचं सेशन, म्हणजे प्रत्यक्ष कनेक्शन. पोस्टग्रेसमध्ये अशा प्रत्येक कनेक्शनमागे ऑपरेटिंग सिस्टिमची एक स्वतंत्र प्रोसेस उभी असते, त्यामुळे ते स्वस्त नसतं. या दोहोंच्या मध्ये हायबरनेटचं सेशन बसतं. जेपीएमध्ये त्याला एंटिटी मॅनेजर म्हणतात. डेटाबेसमधून आणलेली प्रत्येक एंटिटी ते स्वतःजवळ ठेवतं, आणली तेव्हा ती कशी होती याची एक प्रतही ठेवतं, आणि फ्लशच्या वेळी दोन्ही ताडून पाहून ज्या एंटिटी बदलल्या तेवढ्यांचंच एसक्यूएल पाठवतं. मार्टिन फाउलर यांनी 2002 साली एंटरप्राइज अॅप्लिकेशनच्या रचनांवर लिहिलेल्या पुस्तकात युनिट ऑफ वर्क, आयडेंटिटी मॅप आणि लेझी लोड या तीन रचना स्वतंत्रपणे वर्णन केल्या आहेत. हायबरनेटच्या सेशनमध्ये त्या तिन्ही एकत्र सापडतात.

या मधल्या सेशनचा स्वभाव माहीत असला की पुढची बरीच चर्चा सोपी होते. ते उघडायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. महाग असते ती सेशन फॅक्टरी, आणि ती अॅप्लिकेशन सुरू होताना एकदाच बनते. सेशन दोन थ्रेडनी एकदम वापरण्यासाठी नसतं. मध्येच एक्सेप्शन आली तर ते टाकून द्यायचं असतं, कारण त्याच्या आतली अवस्था आणि डेटाबेसमधली अवस्था जुळेल याची खात्री उरत नाही. आणि त्यात आलेली एंटिटी सेशन बंद होईपर्यंत किंवा मुद्दाम काढून टाकेपर्यंत त्यातच राहते. म्हणजे जितका वेळ उघडं, तितकी मेमरी जास्त आणि तितका डेटा शिळा.

जेडीबीसी 1997 मध्ये जावात आलं. तेव्हाच्या कोडची रीत सरळ होती: प्रत्येक मेथडने कनेक्शन घ्यायचं, क्वेरी चालवायची आणि फायनलीमध्ये बंद करायचं. ती रीत हायबरनेटमध्येही काही जणांनी उचलली. प्रत्येक क्वेरीला नवं सेशन. हायबरनेटच्या स्वतःच्या कागदपत्रांत तिची नोंद टाळण्याजोगी सवय म्हणून आहे, आणि ती योग्यच आहे. खात्यातून पैसे वजा करण्याचं आणि दुसरीकडे जमा करण्याचं काम दोन वेगळ्या सेशनमध्ये आणि वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये गेलं, तर मध्ये वीज गेल्यावर काय होईल ते सांगायला नको. दुसऱ्या टोकाला अख्ख्या अॅप्लिकेशनला एकच सेशन ठेवणारेही भेटतात. पहिले दोन दिवस सगळं वेगाने चालतं. मग मेमरी भरते, आणि एका ग्राहकाला दुसऱ्याने बदललेला पण अजून कमिट न झालेला डेटा दिसू लागतो.

गॅविन किंग यांनी 2001 मध्ये हायबरनेटचं काम सुरू केलं, ते तेव्हाच्या ईजेबी एंटिटी बीनच्या जडपणाला पर्याय म्हणून. वेबसाठी त्यातून जी रीत रुळली ती म्हणजे एका रिक्वेस्टला एक सेशन. रिक्वेस्ट आली की उघडा, उत्तर गेलं की बंद करा. सेशन थ्रेड-लोकलमध्ये बांधून ठेवलं की कोणत्याही डीएओला ते हातात न देता मिळतं. हायबरनेट 3 च्या काळात चालू सेशन मागण्याची सोय लायब्ररीतच आली आणि घरोघरी लिहिलेले ‘हायबरनेट युटिल’ नावाचे क्लास हळूहळू मागे पडले. अजूनही एखाद्या जुन्या प्रोजेक्टच्या तळाशी तो क्लास सापडतो. त्यात हात घालायला कोणी धजत नाही.

रिक्वेस्टला एक सेशन हे वाक्य ऐकायला निर्विवाद वाटतं. पण रिक्वेस्ट संपते कुठे? सर्व्हिस लेयरने काम करून कमिट केलं तिथे, की जेएसपीने पान रंगवून शेवटचा बाइट पाठवला तिथे? खरा तंटा या दोन बिंदूंमधल्या काही मिलिसेकंदांचा आहे.

लेझी लोडिंगमुळे तो उभा राहिला. ऑर्डर आणली की तिच्यातल्या वस्तूंची यादी लगेच येत नाही, जागी एक प्रॉक्सी बसते. यादीला पहिला हात लागला की क्वेरी जाते. सर्व्हिसने ऑर्डर परत दिली, ट्रान्झॅक्शन संपलं, सेशन मिटलं. मग जेएसपीने वस्तूंवर लूप फिरवला, आणि लॉगमध्ये लेझी इनिशिअलायझेशन एक्सेप्शन: प्रॉक्सी उघडता आली नाही, सेशन नाही. पुण्या-मुंबईत जावाच्या मुलाखतींत हा प्रश्न हमखास येतो, आणि पाठ केलेलं उत्तरही हमखास येतं.

त्यावर जो तोडगा निघाला त्याचं नाव ओपन सेशन इन व्ह्यू. सर्वलेट फिल्टर किंवा इंटरसेप्टर रिक्वेस्टच्या तोंडाशी सेशन उघडतो आणि पान पूर्ण रंगल्यावरच बंद करतो. 2004 मध्ये स्प्रिंग 1.0 आलं तेव्हा असा फिल्टर त्यात तयार मिळत होता. याचे दोन प्रकार होते, आणि त्यांतला फरक आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. हायबरनेटच्या मंडळींचा मूळ विचार असा की ट्रान्झॅक्शनही पान रंगेपर्यंत चालू राहावं; म्हणजे पानावर दिसणारा सगळा डेटा एकाच ट्रान्झॅक्शनमधला. अडचण एवढीच, की कमिट फसलं तर तोवर अर्धं पान ब्राउझरकडे गेलेलं असू शकतं. स्प्रिंगने ट्रान्झॅक्शन सर्व्हिसपाशीच संपवलं आणि नंतर सेशन फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवलं. ते जास्त व्यवहार्य ठरलं, पण त्यात एक बारीक मेख राहिली: कमिटनंतर जाणारी प्रत्येक लेझी क्वेरी स्वतःच्या वेगळ्या, क्षणभराच्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. पानाच्या वरच्या भागातली बेरीज आणि खालच्या भागातल्या ओळी दोन वेगळ्या क्षणांच्या असू शकतात. कधीतरीच होतं, पण हिशेबाच्या पानावर कधीतरी झालेलंही पुरतं.

स्प्रिंग बूट 2014 मध्ये आलं आणि त्याने ही सोय न मागता चालू ठेवली. नवशिक्याचं पहिलं अॅप्लिकेशन अडखळू नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण तक्रारी येत राहिल्या, आणि 2018 च्या 2.0 आवृत्तीपासून अॅप्लिकेशन सुरू होताना लॉगमध्ये एक सूचना दिसू लागली: ओपन-इन-व्ह्यू चालू आहे, त्यामुळे पान रंगताना डेटाबेसकडे क्वेरी जाऊ शकतात, चालू की बंद ते स्वतः ठरवून लिहा. हजारो टीम ही ओळ रोज पाहतात आणि खाली सरकतात.

या सोयीचा खरा खर्च कनेक्शनमध्ये मोजावा लागतो. हायबरनेट कनेक्शन लगेच घेत नाही, पहिली क्वेरी जाईपर्यंत थांबतं, हे चांगलं. पण स्प्रिंगच्या नेहमीच्या जेपीए मांडणीत एकदा घेतलेलं कनेक्शन ट्रान्झॅक्शन संपल्यावर पूलकडे परत जात नाही. सेशन बंद होईपर्यंत ते अडकून राहतं. आता समजा, रिक्वेस्टच्या सुरुवातीला ग्राहकाची एक रो वाचली आणि मग पैसे भरण्यासाठी बाहेरच्या पेमेंट सेवेला हाक मारली, जिला उत्तर द्यायला 3 सेकंद लागतात. त्या 3 सेकंदांत कनेक्शन रिकामं आहे, पण मोकळं नाही. सलूनमध्ये केस कापून झाल्यावरही गिऱ्हाईक त्याच खुर्चीत पेपर वाचत बसावं आणि बाकीचे बाकावर ताटकळावेत, तशी ही गत. हिशेब करून बघा: 10 कनेक्शन, प्रत्येक 3 सेकंद अडकलेलं, म्हणजे सेकंदाला जेमतेम 3 रिक्वेस्ट. बाकीचे थ्रेड हिकारीच्या दारात 30 सेकंद वाट पाहतात आणि मग कनेक्शन उपलब्ध नसल्याची एक्सेप्शन घेऊन परत फिरतात. डेटाबेसचा सीपीयू या वेळात झोपलेला असतो. डीबीए म्हणतो माझ्याकडे काही लोड नाही, डेव्हलपर म्हणतो डेटाबेस उत्तर देत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा वेळी पूल 10 वरून 100 करण्याचा मोह होतो. त्याने आजचं निभावतं. दुसरा सर्व्हर आला की मात्र पोस्टग्रेसची मर्यादा ओलांडली जाते.

सगळा दोष ओपन-इन-व्ह्यूच्या माथी मारणंही बरोबर नाही. ती बंद करून त्याच मेथडवर ट्रान्झॅक्शनलचं अॅनोटेशन लावलं आणि पेमेंटची हाक आतच ठेवली, तर फळ तेच, उलट जास्त वाईट. कारण हाकेआधी काही लिहिलं असेल तर आता रोवरची कुलुपंही 3 सेकंद अडकून राहतात. पोस्टग्रेसमध्ये अशी कनेक्शन ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून दिसतात. ती ठराविक वेळानंतर तोडण्याची सोय 9.6 आवृत्तीत, 2016 मध्ये आली, पण तिची वेळ मुळात शून्य, म्हणजे बंद, ठेवलेली असते.

आणखी एक दुखणं कमी बोललं जातं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कंट्रोलरमध्ये कोणीतरी ग्राहकाच्या एंटिटीतला मोबाइल नंबर दाखवण्यापुरता झाकतो: मधले आकडे काढून फुल्या टाकतो. ट्रान्झॅक्शन संपलेलं आहे, त्यामुळे हा बदल कुठे लिहिला जाणार नाही अशी त्याची समजूत. मग त्याच रिक्वेस्टमध्ये पुढे दुसऱ्या सर्व्हिसची मेथड चालते, समजा भेटीची नोंद करणारी, तिचं स्वतःचं ट्रान्झॅक्शन असलेली. सेशन तेच आहे. कमिटच्या आधी हायबरनेट सगळ्या एंटिटी ताडून पाहतं, नंबर बदललेला दिसतो, आणि फुल्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. कोडच्या कोणत्याही एका ओळीकडे बोट दाखवता येत नाही. ओपन-इन-व्ह्यू बंद असती तर पहिलं ट्रान्झॅक्शन संपताच ती एंटिटी सुटी झाली असती आणि हा अपघात घडला नसता.

बाजूने बोलायचं तर छोट्या, आतल्या वापराच्या अॅप्लिकेशनला ओपन-इन-व्ह्यूने फारसं काही बिघडत नाही. पंधरा जण वापरतात ते ऑफिसचं रजेचं अॅप्लिकेशन घ्या. तिथे दहा कनेक्शन कधीच कमी पडणार नाहीत, आणि प्रत्येक पानासाठी वेगळा डीटीओ लिहिण्यात घालवलेला आठवडा वाया गेलेलाच असेल. माझा आक्षेप सोयीला नाही. ती न ठरवता चालू राहते आणि अॅप्लिकेशन मोठं झाल्यावरही कोणी तिच्याकडे वळून बघत नाही, याला आहे. शिवाय आज जेएसपी मागे पडलं आणि कंट्रोलर जेसन परत देतो. जेसन बनवणारी लायब्ररी एंटिटीचं प्रत्येक गेटर उघडून बघते. ऑर्डरींच्या यादीत 50 ऑर्डर असतील तर एका क्वेरीच्या 51 होतात, आणि सेशन उघडं असल्यामुळे एकही एक्सेप्शन येत नाही. चूक मुकाट पोटात घेतली जाते.

मग लेझी लोडिंगच्या एक्सेप्शनवर खरा इलाज काय? जो डेटा लागणार आहे तो ट्रान्झॅक्शनच्या आतच, विचारून आणायचा. त्यासाठी जॉइन फेच आहे, जेपीए 2.1 पासून, म्हणजे 2013 पासून, एंटिटी ग्राफ आहेत, आणि फक्त दाखवायचंच असेल तर हवे तेवढे कॉलम थेट डीटीओत भरून घेणं सगळ्यांत हलकं. सगळी नाती ईगर करून टाकणं हा इलाज नव्हे. एक ऑर्डर मागितली की अर्धा डेटाबेस वर येतो. सेशन नसतानाही लेझी लोड होऊ देणारा हायबरनेटचा एक स्विच आहे. तो चालू केला तर प्रत्येक प्रॉक्सीसाठी तात्पुरतं सेशन आणि गरज पडल्यास नवं कनेक्शन उघडतं. त्यापेक्षा ओपन-इन-व्ह्यू परवडली. जॉइन फेचलाही एक काटा आहे: यादी जॉइन करून वर पानं पाडायला सांगितली, तर हायबरनेट सगळ्या रो मेमरीत आणून तिथे पानं पाडतं आणि लॉगमध्ये तसा इशारा देतं. तोही कोणी वाचत नाही.

इथवर एका रिक्वेस्टची गोष्ट झाली. खरं अवघड प्रकरण वेगळंच आहे, जिथे काम अनेक रिक्वेस्टींवर पसरलेलं असतं. कॉलेजच्या प्रवेशाचा चार पानांचा फॉर्म घ्या. पहिल्या पानावर नाव-पत्ता, दुसऱ्यावर मार्क, तिसऱ्यावर आवडीच्या कॉलेजांचा क्रम, चौथ्यावर कबुली आणि फी. मुलगी तिसऱ्या पानावर अडते, आईला फोन करते, जेवते, तासाने परत येते. तिच्या दृष्टीने हे एकच काम आहे. सर्व्हरच्या दृष्टीने त्या सुट्या रिक्वेस्ट आहेत. एचटीटीपीला मागची रिक्वेस्ट आठवत नाही. या लांबलेल्या कामाला या क्षेत्रात ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणतात, आणि ते सांभाळायचं कसं यावर 2004 ते 2010 या काळात जावाच्या जगात सगळ्यांत हुशार डोकी लागली होती.

त्यातलं सर्वांत महत्त्वाकांक्षी उत्तर म्हणजे सेशनच लांबवणं. हायबरनेटचं सेशन एचटीटीपी सेशनमध्ये ठेवायचं, दोन रिक्वेस्टींच्या मध्ये फक्त कनेक्शन सोडून द्यायचं, फ्लश मॅन्युअल ठेवायचा आणि शेवटच्या पानावर एकदाच फ्लश करायचं. 2006 च्या जेपीए 1.0 मध्ये याच कल्पनेला एक्स्टेंडेड पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट म्हणून जागा मिळाली, स्टेटफुल सेशन बीनच्या आधाराने. त्याच वर्षी आलेल्या गॅविन किंग यांच्याच सीम या फ्रेमवर्कने कॉन्व्हर्सेशनला पहिल्या दर्जाचं स्थान दिलं, आणि 2009 मध्ये जावा ईई 6 सोबत आलेल्या सीडीआयमध्ये कॉन्व्हर्सेशन स्कोप प्रमाणित झाला.

कल्पना म्हणून ती देखणी होती, हे मान्य करायला हवं. एंटिटी कधी सुटी होत नाही, मर्ज करावं लागत नाही, लेझी लोडिंग चारही पानांवर चालतं, आणि मुलीने मधेच सोडून दिलं तर डेटाबेसमध्ये काहीच गेलेलं नसतं. पण वेबवरचा माणूस कागदावर आखल्यासारखा वागत नाही. तो दोन टॅब उघडतो. बॅकचं बटण दाबतो. सबमिटवर दोनदा क्लिक करतो, आणि दोन थ्रेड एकाच सेशनमध्ये घुसतात, जे त्यासाठी बनलेलंच नाही. मध्ये एक्सेप्शन आली की नियमाप्रमाणे सेशन टाकून द्यावं लागतं, म्हणजे तीन पानांचं काम गेलं. शेवटच्या दिवशी हजारो विद्यार्थ्यांची सेशनं मेमरीत पडून राहतात, त्यातली कित्येक कधीच परत न येणाऱ्यांची. आणि लोड बॅलन्सरने रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवली, की ही सगळी गाठोडी सर्व्हर ते सर्व्हर हलवावी लागतात. पुढे सीमचं काम थांबलं. क्लाउडवर सर्व्हर हवे तेव्हा वाढवायचे आणि मारून टाकायचे हा रिवाज आल्यावर या वाटेने जाणारे थोडेच उरले.

दुसरी वाट सुट्या एंटिटींची. प्रत्येक रिक्वेस्टला नवं सेशन, मध्ये एंटिटी एचटीटीपी सेशनमध्ये किंवा फॉर्ममध्ये सुटी ठेवायची आणि शेवटी मर्ज करायची. मर्ज हे जेपीएमधलं सर्वांत कमी समजून घेतलेलं काम आहे. ते तुमची वस्तू सेशनला जोडत नाही. डेटाबेसमधून ताजी प्रत आणतं, तुमच्या वस्तूतल्या किमती तिच्यावर उतरवतं आणि ती प्रत परत देतं. फॉर्ममध्ये जे फील्डच नव्हतं ते वस्तूत नल असतं, आणि तो नलही इमानेइतबारे उतरवला जातो. पालकांचा पत्ता फॉर्मवर दाखवला नव्हता म्हणून पुसला गेला, ही तक्रार अशाच मर्जमधून येते. यादीवर ऑर्फन रिमूव्हल लावलेलं असेल आणि फॉर्मने अर्धीच यादी परत पाठवली, तर उरलेल्या रो डिलीट होतात.

म्हणून आज बहुतेक अनुभवी टीम तिसऱ्या वाटेवर आहेत. फॉर्ममधून डीटीओ येतो, सर्व्हिस नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये एंटिटी ताजी वाचते, आणि बदलायची ती फील्ड हाताने बदलते. साधं, कंटाळवाणं, वाचायला सोपं. पण इथे एक खड्डा आहे, आणि त्यात पडलेली अॅप्लिकेशन मी कोड रिव्ह्यूमध्ये पुन्हा पुन्हा पाहतो.

दोन कारकून एकाच विद्यार्थ्याचा अर्ज उघडतात. पहिला मार्क दुरुस्त करून सेव्ह करतो. दुसऱ्याच्या स्क्रीनवर जुने मार्क आहेत. तो प्रवर्ग दुरुस्त करतो आणि सेव्ह दाबतो, आणि फॉर्मसोबत जुने मार्कही परत जातात. पहिल्याची दुरुस्ती नाहीशी. यावरचा उपाय जुना आहे: व्हर्जन कॉलम, फाउलर ज्याला ऑप्टिमिस्टिक ऑफलाइन लॉक म्हणतात. अपडेटच्या अटीत आयडीसोबत व्हर्जनही जातं. दरम्यान कोणी बदल केला असेल तर एकही रो सापडत नाही आणि हायबरनेट एक्सेप्शन फेकतं. टीमने एंटिटीवर व्हर्जनचं अॅनोटेशन लावलेलं असतं आणि सगळे निर्धास्त असतात. पण तिसऱ्या वाटेवर सर्व्हिस एंटिटी आत्ता, सेव्हच्या रिक्वेस्टमध्ये, ताजी वाचते. तिचं व्हर्जन ताजंच असणार. तपासणी त्या रिक्वेस्टच्या काही मिलिसेकंदांपुरती होते. कारकुनाने स्क्रीन उघडून चहा घेतला ती वीस मिनिटं तिच्या कक्षेत येतच नाहीत. फॉर्ममधून आलेलं जुनं व्हर्जन एंटिटीवर सेट केलं तरी उपयोग नाही, कारण सेशनमधल्या एंटिटीसाठी हायबरनेट स्वतः वाचलेलं व्हर्जनच अटीत वापरतं, तुम्ही लिहिलेलं नव्हे. व्हर्जन फॉर्मसोबत ब्राउझरकडे पाठवायचं, परत घ्यायचं, आणि ताज्या एंटिटीच्या व्हर्जनशी स्वतः ताडून बघायचं: ही दोन ओळींची तपासणी हाताने लिहावीच लागते. ती नसेल तर व्हर्जन कॉलम असूनही दुरुस्त्या हरवत राहतात.

स्क्रीन उघडताच सिलेक्ट फॉर अपडेटने रो कुलूपबंद करावी असा सल्ला अधूनमधून मिळतो. माणूस विचार करत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नये. वेबवर हा नियम मोडण्याला मला एकही सबब ठाऊक नाही.

आणि तो चार पानांचा फॉर्म? तो डेटाबेसमध्येच मसुदा म्हणून ठेवावा. अर्जाच्या टेबलात स्थितीचा कॉलम, किंवा मसुद्यांचं वेगळं टेबल. प्रत्येक पान सेव्ह होताना एक छोटं ट्रान्झॅक्शन. शेवटच्या पानावर मसुद्याचा अर्ज. सोडून दिलेले मसुदे रात्रीच्या जॉबने साफ करायचे. मुलीचा मोबाइल बंद पडला, सर्व्हर रीस्टार्ट झाला, तरी ती सायबर कॅफेत जाऊन तिसऱ्या पानापासून पुढे भरू शकते. यात कोणताही फ्रेमवर्क लागत नाही. सीमच्या काळात जे सेशनकडून करवून घ्यायचं होतं ते अखेर टेबलाने केलं, आणि ते चांगलं झालं.

पूलबद्दल एक गोष्ट राहिली. ऑडिटची नोंद मुख्य काम फसलं तरी टिकावी म्हणून ती ‘रिक्वायर्स न्यू’ने वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये टाकतात. तेव्हा पहिलं ट्रान्झॅक्शन थांबतं, पण त्याचं कनेक्शन सुटत नाही; थ्रेड दुसरं मागतो. दहा थ्रेडनी एकाच क्षणी एकेक कनेक्शन धरलं आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसला की सगळेच अडकले, वेळ संपेपर्यंत. हिकारीच्या कागदपत्रांत यासाठी सूत्र दिलं आहे: थ्रेडची संख्या गुणिले (प्रत्येकाला लागणारी कनेक्शन वजा एक), अधिक एक. दहा थ्रेड आणि दोन कनेक्शन असतील तर 11. टॉमकॅटचे दोनशेही थ्रेड या वाटेने जाऊ शकत असतील, तर 201, जे मूळ मांडणीतल्या कोणत्याच पोस्टग्रेसला झेपणार नाही. पूल वाढवण्याआधी ऑडिटची नोंद मुख्य ट्रान्झॅक्शन संपल्यावर टाकता येते का ते पाहावं.

सप्टेंबर 2023 मध्ये जावा 21 सोबत व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले आणि या जुन्या हिशेबाला नवी धार आली. थ्रेड आता लाखांनी उघडता येतात, म्हणजे ते वापरले तर 200 हा आकडा गळून पडतो. 10 मात्र तिथेच आहे. पूर्वी थ्रेडच संपायचे, त्यामुळे कनेक्शनवरची झुंबड काहीशी आपोआप आवरली जायची. आता सगळी गर्दी थेट पूलच्या दाराशी येते. सेशन निष्कारण उघडं ठेवण्याची किंमत त्यामुळे वाढली आहे. हायबरनेटचा स्वतःचा कलही बदलतो आहे. 2024 च्या जकार्ता डेटा 1.0 साठी त्यांनी स्टेटलेस सेशनचा आधार घेतला, ज्यात आधीची प्रत ठेवणं नाही, आपोआप फ्लश नाही. बदल केला की अपडेट स्वतः सांगायचं. लांब सेशनचा पुरस्कार करणारी लायब्ररीच आता सेशनला काहीही लक्षात न ठेवणारी वाट देऊ करते, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

नवं अॅप्लिकेशन सुरू करत असाल तर पहिल्याच दिवशी ओपन-इन-व्ह्यू फॉल्स करा. लेझी लोडिंगच्या चुका लिहितानाच कळतील. जुन्यात मात्र ती एका रात्रीत बंद करू नका, कुठली पानं तिच्या जिवावर उभी आहेत हे कोणालाच माहीत नसतं. आधी टेस्टच्या वातावरणात बंद करा, जी एक्सेप्शन येईल ती नोंदवा आणि एकेका क्वेरीत हवा तो डेटा मागून घ्या. तेवढ्यात हिकारीची लीक डिटेक्शनची मर्यादा, जी मुळात बंद असते, 5 सेकंदांवर ठेवून प्रॉडक्शनचा लॉग आठवडाभर वाचा. कनेक्शन कोण अडवून बसलं आहे त्याचा पूर्ण स्टॅक ट्रेस तिथे मिळतो.